छायाचित्राची चौकट : शब्दसंग्राहकांसाठी काही विचार

छायाचित्रणाविषयी भाषाशास्त्राच्या अध्यापकाने या पत्रिकेत लिहावे, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. परंतु बोलींच्या पाहणीसाठी खेडोपाडी जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांजवळ आता वही आणि ध्वनिमुद्रक यांच्या जोडीला कॅमेराही असतो. किंबहुना तो खिशातल्या मोबाइलमध्येच असल्यामुळे कॅमेरा नाही असा विद्यार्थी आढळतच नाही. उच्चार कसा लिहून घ्यावा, माहिती देणाऱ्यास प्रश्न कसा विचारावा, याचे शिक्षण आपण त्यांना देतो. छायाचित्र कसे घ्यावे हे मात्र ज्याने त्याने आपापल्या परीने जाणावे, असे आपण गृहीत धरलेले आहे. परिणामी शब्दांच्या नोंदी काटेकोर, पण त्यांच्यासोबतची चित्रे निरुपयोगी, असा प्रकार वारंवार दृष्टीस पडतो. ही चित्रे अस्पष्ट असतात असे नव्हे. बहुतेक स्वच्छ, काही तर सुंदरही असतात. त्यांचा दोष चौकटीत असतो. चौकट बसविणे ही शिकता येण्याजोगी गोष्ट आहे, आणि तिचे शिक्षण शब्दार्थाच्या शिक्षणाहून फारसे निराळे नाही, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. चौकटीचे दोन अर्थ

‘चौकट’ हा शब्द मुळात सुतारकामातला. चार काष्ठांची ती चौकट. हिंदीतील ‘चौखट’ हे त्याचेच भावंड. दोन लाकडे उभी, दोन आडवी. खालच्या लाकडाला आपण उंबरठा म्हणतो. वरच्या पट्टीवर गणपती कोरलेला असल्यास तिला गणेशपट्टी म्हणतो. ही चौकट भिंतीत मोकळी जागा राखून ठेवते, आणि त्याच वेळी ‘आत’ कोणते व ‘बाहेर’ कोणते हेही ठरवून टाकते.

छायाचित्रणात हा शब्द दोन अर्थांनी योजिला जातो. पहिला अर्थ, चित्राच्या चार कडा. दुसरा अर्थ, त्या कडांच्या आत दिसणारी आणखी एक चौकट : दार, खिडकी, कमान, झुकलेली फांदी, मांडवाचे दोन खांब. छायाचित्रणाची प्राथमिक पुस्तके ‘चौकट साधण्याचे तंत्र’ म्हणून जे शिकवितात ते बहुधा या दुसऱ्या अर्थाचे असते. परंतु पहिला अर्थ नीट उमगल्याशिवाय दुसरा हाती घेतल्यास त्याची केवळ सजावट होते.

चित्रकार कोऱ्या पृष्ठभागावर एकेक वस्तू आणून ठेवतो. छायाचित्रकाराला मात्र आधीच भरलेल्या जगातून एक तुकडा कापून घ्यावा लागतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जॉन झारकोव्स्की यांनी १९६४ साली भरविलेल्या प्रदर्शनात, आणि त्यावर आधारलेल्या १९६६ सालच्या पुस्तकात, छायाचित्राची पाच अंगे सांगितली आहेत : प्रत्यक्ष वस्तू, तपशील, चौकट, काळ आणि दृष्टिस्थान. यांपैकी चौकटीचे वैशिष्ट्य असे की, ती प्रत्यक्षात कोठेही नसते. जगाला कडा नसतात. त्या आपण देतो. दोन अनोळखी माणसे एका चौकटीत आली की त्यांचा काही संबंध असावा असे पाहणाऱ्यास वाटू लागते, आणि संबंध असलेल्या दोन गोष्टींपैकी एक कडेबाहेर राहिली की तो संबंध नाहीसा होतो. वाक्यात पदांचा अन्वय लावतात, तद्वत् चित्रात वस्तूंचा अन्वय चौकट लावते.

या कलेच्या आरंभीच खिडकी यावी, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. कॅमेऱ्याने घेतलेल्या व आज उपलब्ध असलेल्या ऋणचित्रांपैकी सर्वांत जुने म्हणून जे ओळखले जाते, ते इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये लॅकॉक ॲबी या आपल्या राहत्या घरात घेतले. त्याचा विषय घरातील एक जाळीदार खिडकी हा आहे. चित्र अगदी लहान. पण ते नवे असताना भिंगातून पाहिल्यास तिची सुमारे २०० तावदाने मोजता येत असत, अशी नोंद टॉल्बट यांनी करून ठेवली आहे. त्या चित्रात खिडकीपलीकडचे काही दिसत नाही. चौकट तेवढी आहे, आणि तीच विषय झाली आहे.

२. ‘धाव’ या शब्दाचे छायाचित्र

आता माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. सुमारे बारा वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका खेड्यात शेतीच्या शब्दांची नोंद करीत असता एका वयोवृद्ध शेतकऱ्याची गाठ पडली. त्यांनी तरुणपणी मोट हाकलेली होती. विजेचे पंप आल्यावर मोट गेली. तथापि त्यांच्या विहिरीच्या काठावरचे दोन दगडी खांब, पाणी पडावयाचे थारोळे आणि बैल जावयाची उतरती वाट ही शिल्लक होती. त्यांनी एकेक शब्द सांगितला : मोट ओढणारा जाड दोर तो नाडा, मोटेची सोंड आवरून धरणारा बारीक दोर ती सोल, सोंडेतून पाणी जेथे ओतते ते थारोळे, आणि विहिरीकडे पाठ करून बैल ज्या उतारावरून खाली जातात ती धाव.

‘धाव’ हा शब्द या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. धावण्याची क्रिया ती धाव; बैलगाडीच्या चाकावर चढवितात ती लोखंडी पट्टीही धाव; क्रिकेटमध्ये काढतात तीही धाव; आणि मोटेच्या बैलांची वाट तीही धाव. शब्द एकटा उच्चारला तर यांपैकी कोणती धाव अभिप्रेत आहे हे कळावयास मार्ग नाही. शिवाय मोटेची धाव ही उचलून दाखविता येईल अशी वस्तू नव्हे. ती जमिनीचा एक उतार आहे, आणि विहीर, नाडा व बैल यांच्याशी असलेल्या संबंधामुळेच त्या उताराला ते नाव मिळाले आहे.

संध्याकाळ होत आली होती. दोन दगडी खांब आणि त्यांवरील आडवे लाकूड यांची आयती चौकट समोर होती. तिच्यातून पलीकडे उभे असलेले ते आजोबा आणि त्यांच्यामागे तांबूस आकाश. मी कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा ते म्हणाले, “मास्तर, जरा मागं सरा, म्हंजी समदं दिसंल.” मागे सरलो असतो तर खांबांची चौकट लहान झाली असती आणि कडेला एक बाभूळ व शेणाचा ढीग आला असता. मी सरलो नाही. चित्र उत्तम आले. पुष्कळ दिवस ते माझ्या खोलीत भिंतीवर होते.

पुढे एका विद्यार्थिनीने शब्दसूची तयार करताना ते चित्र पाहून सहज विचारले, “सर, यात धाव कोणती?” मी उत्तर देऊ शकलो नाही. धाव चित्रात नव्हती, कारण चित्र घेताना मी तिच्यावरच उभा होतो. थारोळेही खालच्या कडेने अर्धे कापले गेले होते. चूक सुधारण्यासाठी त्या गावी पुन्हा गेलो, तोपर्यंत विहीर बुजवून जमीन सपाट करण्यात आली होती, आणि आजोबाही हयात नव्हते. धावेची लांबी विहिरीतील पाण्याच्या खोलीशी निगडित असते, कारण मोट जितकी वर यावयाची तितके बैलांनी खाली जावयाचे. एकाच चौकटीत विहीर आणि धाव दोन्ही आली असती, तर हे नाते शब्दांवाचून समजले असते. आज माझ्या वहीत ‘धाव : बैल जाण्याची उतरती वाट’ एवढी ओळ आहे, आणि आकाशाचे एक सुंदर चित्र आहे.

३. शब्द, वस्तू आणि त्यांची चौकट

शब्दांच्या जोडीला वस्तूंची चित्रे असावीत हा विचार नवा नाही. जॉर्ज ग्रियर्सन यांनी १८८५ साली बिहारच्या ग्रामीण जीवनातील शब्दांचा जो मोठा संग्रह प्रसिद्ध केला, त्यातील अनेक आकृत्या त्यांनी स्वतः घेतलेल्या छायाचित्रांवरून तयार केल्या होत्या. युरोपात रुडॉल्फ मेरिंगर, हूगो शुखार्ट प्रभृती विद्वानांनी शब्दांचा इतिहास वस्तूंच्या इतिहासावाचून लिहिता येत नाही असे प्रतिपादन केले, आणि ‘शब्द आणि वस्तू’ याच अर्थाच्या नावाचे एक नियतकालिक १९०९ पासून निघू लागले. याच विचाराचे फळ म्हणजे कार्ल याबर्ग व याकोब युड यांचा इटली व दक्षिण स्वित्झर्लंड यांचा भाषिक नकाशासंग्रह. त्यासाठी पाउल शॉयरमायर हे १९१९ पासून गावोगाव हिंडले. प्रश्नावलीबरोबर त्यांनी कॅमेराही नेला होता, आणि शेतकऱ्यांची अवजारे व कामे यांची जी छायाचित्रे त्यांनी जमविली, त्यांच्या आधारे पुढे १९४३ व १९५६ साली त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ सिद्ध झाला. नांगराचे नाव टिपताना नांगर कसा जुंपतात हेही दिसले पाहिजे, ही दृष्टी त्या कामामागे होती.

अर्थविचारात ‘चौकट’ हीच संज्ञा पुढे चार्ल्स फिलमोर यांनी रूढ केली. त्यांच्या मते शब्दाचा अर्थ सुटा नसतो. एखाद्या सबंध प्रसंगाच्या ज्ञानावर तो अवलंबून असतो. ‘विकणे’ हे क्रियापद समजण्यासाठी विकणारा, घेणारा, माल आणि पैसा असा सगळा व्यवहार ठाऊक असावा लागतो. वाक्यात त्यांपैकी एक-दोनच घटक आले तरी उरलेले मनात उभे असतात. ‘धाव’, ‘थारोळे’, ‘सोल’ हे शब्द मोटेच्या चौकटीत समजतात. मोट पाहिलेली पिढी होती तोवर ही चौकट ऐकणाऱ्याच्या मनात होती. आता ती मनात नाही. म्हणून ती चित्रात आणावी लागते. छायाचित्राची चौकट शब्दसंग्राहकाने गांभीर्याने का घ्यावी, याचे कारण हे आहे.

४. चौकटीतील चौकट : तंत्राची बाजू

दार किंवा कमान यांतून चित्र घेताना तीन गोष्टी कळल्या पाहिजेत : अंतर, प्रकाश आणि स्पष्टता.

अंतराचे गणित सोपे आहे, पण ते क्वचितच सांगितले जाते. समजा, दार १ मीटर रुंद आहे आणि दारापलीकडे २० मीटरवर एक माणूस उभा आहे. आपण दारापासून २ मीटरवर उभे राहिलो, तर माणसाच्या जागी आपल्याला दारातून ११ मीटर रुंदीचा प्रदेश दिसेल. तेथून मागे सरून ४ मीटरवर गेलो, तर केवळ ६ मीटर दिसेल. या दोन जागांवरून माणसाचा आकार जवळजवळ तेवढाच राहील, कारण त्याचे अंतर २२ वरून २४ मीटर एवढेच झाले. दार मात्र निम्मे दिसू लागेल. तात्पर्य, मागे सरल्याने चौकटीच्या आतले कमी होते व चौकटीभोवतालचे वाढते. पुढे गेल्याने उलट घडते. पुढे-मागे होण्याऐवजी केवळ भिंग बदलले, किंवा मोबाइलवर बोटांनी चित्र मोठे केले, तर दार व माणूस यांचे परस्पर प्रमाण मुळीच बदलत नाही. चौकट पायांनी बसवावयाची असते, ती यासाठी.

प्रकाशाविषयी असे की, दाराची आतली बाजू अंधारी व बाहेर ऊन असे बहुधा असते. प्रकाश बाहेरच्या दृश्यावर मोजला तर चौकट काळी पडते. चौकटीवर मोजला तर बाहेरचे पांढरे फटक होते. चौकटीचा केवळ आकार हवा असेल तर पहिला मार्ग योग्य. परंतु चौकट हीच नोंदीचा विषय असेल, तिच्यावरचे कोरीव काम दिसावयास हवे असेल, तर ऊन उतरेपर्यंत थांबावे अथवा दोन स्वतंत्र चित्रे घ्यावीत. आजचे मोबाइल निरनिराळ्या प्रकाशमानांची अनेक चित्रे आपोआप एकत्र करून हा फरक कमी करतात. तरी भर दुपारी त्यांच्यावर विसंबू नये.

स्पष्टतेविषयी : भिंगाचे छिद्र मोठे, उदाहरणार्थ एफ/२, ठेवल्यास दूरच्या माणसावर नेम धरला असता जवळची चौकट धूसर होते. एफ/८ किंवा एफ/११ ठेवल्यास दोन्ही पुष्कळ अंशी स्पष्ट येतात. धूसर फांदी शोभून दिसेल. पण धूसर थारोळे नोंदीच्या कामाचे नाही.

या सर्वांचा सराव करावयास सातारा जिल्ह्यातीलच लिंब येथील बारा मोटेची विहीर उत्तम आहे. १७१९ ते १७२४ या काळात बांधलेल्या या विहिरीत पायऱ्यांनी उतरून जाताना कमानीतून पाण्याकडे दृष्टी जाते. वर आल्यावर काठावर मोटा लावण्याच्या जागा दिसतात. कमानीतून घेतलेले चित्र ‘मी येथून आत आलो’ असे सांगते. काठावरून घेतलेले चित्र ‘येथून पाणी वर येत असे’ असे सांगते. पहिले चित्र अधिक मोहक येईल यात संशय नाही. परंतु ‘बारा मोटा’ हे शब्द समजावून देण्याचे काम दुसरेच करील.

५. आतील चौकट केव्हा घ्यावी, केव्हा टाळावी

आतील चौकट घेण्यास एकच कसोटी लावावी : ती काही सांगते काय? फ्रेंच छायाचित्रकार आन्री कार्तिये-ब्रेसाँ यांचे पॅरिसच्या साँ-लाझार स्थानकामागे १९३२ साली घेतलेले, साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे चित्र प्रसिद्ध आहे. ते कुंपणाच्या फळ्यांमधील फटीतून घेतलेले होते. घेतलेले चित्र नंतर न कापण्याविषयी ते एरवी आग्रही असत. पण येथे फळीची जी कड डावीकडे आली होती, ती त्यांनी कापून टाकली. फट ही पाहण्याची केवळ सोय होती; तिने उडीविषयी काहीच सांगितले नसते.

याउलट मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर यांची १९१९ सालची चित्रे पाहावीत. १३ एप्रिल १९१९ च्या हत्याकांडानंतर त्यांनी जालियनवाला बागेत जाऊन भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा टिपल्या. त्यांच्या चित्रात खुणांकडे बोट दाखविणारी माणसेही आहेत. नुसत्या खुणा जवळून घेतल्या असत्या तर त्या एखाद्या पडक्या भिंतीच्या खळग्यांसारख्या दिसल्या असत्या. माणूस चौकटीत आल्याने खुणेची उंची कळते, आणि ‘ही पाहा’ असे म्हणणारा साक्षीदारही मिळतो. व्याकरणात ज्यांना आपण दर्शक सर्वनामे म्हणतो, त्यांचे कार्य येथे बोटाने केले आहे. आणि ते बोट व खूण दोन्ही एका चौकटीत ठेवणे हे विरकरांचे कौशल्य आहे.

६. शिकण्याची रीत

विद्यार्थ्यांकरिता काही अभ्यास सुचवितो. वर्गात व क्षेत्रकार्यात त्यांचा उपयोग होतो असा माझा अनुभव आहे.

पहिला अभ्यास कॅमेऱ्याविना करावयाचा. एका पुठ्ठ्यात १२ सें.मी. रुंद व ८ सें.मी. उंच अशी खिडकी कापावी, ३५ मि.मी. फिल्मच्या चित्राचे प्रमाण हेच आहे. एक डोळा मिटून ती दुसऱ्या डोळ्यापासून सुमारे १७ सें.मी.वर धरल्यास ५० मि.मी. भिंगातून दिसावे तेवढे दिसते, ९ सें.मी.वर धरल्यास मोबाइलच्या मुख्य भिंगाजवळपास जाणारे विस्तृत दृश्य दिसते. ही खिडकी घेऊन अर्धा तास अंगणात हिंडावे. आपण काय घेतो यापेक्षा काय टाकतो, हे पुठ्ठा चांगले दाखवितो, कारण टाकलेले त्याच्या कडेबाहेर डोळ्यांना दिसतच असते.

दुसरा अभ्यास चार कडांचा. कळ दाबण्यापूर्वी वरच्या कडेला काय आहे, उजवीकडे काय, खाली काय, डावीकडे काय, हे मोठ्याने म्हणावे. नवशिक्याची दृष्टी मध्यभागी खिळलेली असते. बोलावे लागल्याने ती कडांपर्यंत जाते. माझ्या हातून खालची कड म्हटली गेली असती, तर अर्धे थारोळे तेव्हाच ध्यानात आले असते.

तिसरा अभ्यास वाक्याचा. चित्र घेण्यापूर्वी त्याने काय सांगावे याचे एक पूर्ण वाक्य वहीत लिहावे. ‘मोट’ हे वाक्य नव्हे. ‘बैल धावेवरून खाली जातात तेव्हा नाड्याने मोट वर येते’ हे वाक्य आहे. त्या वाक्यातील प्रत्येक नाम चौकटीत आहे की नाही, हे मग ताडून पाहावे. नसेल तर मागे सरावे, बाजूला व्हावे किंवा उंचावर चढावे.

चौथा नियम तीन चित्रांचा. पहिले, वस्तू व तिचा परिसर. दुसरे, वस्तू व ती वापरणारा माणूस. तिसरे, वस्तूचा तपशील, शेजारी मोजपट्टी ठेवून. आकर्षक चित्र घ्यावयाचेच असेल तर ते चौथे असावे. त्यास माझी हरकत नाही.

शेवटची गोष्ट नियमात बसणारी नाही, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. शब्द सांगणाऱ्या माणसालाच चौकट विचारावी. कॅमेऱ्यातील दृश्य त्यास दाखवावे आणि म्हणावे, “यात काही राहिले आहे काय?” ज्याच्या आयुष्याचा तो शब्द आहे, त्याला त्या शब्दाची हद्द ठाऊक असते. आमच्या एका विद्यार्थ्याने गेल्या वर्षी कुंभाराच्या भट्टीचे चित्र असे विचारून घेतले. घरच्या बाईंनी त्याला चार पावले मागे न्यावयास लावले, कारण भट्टीवर घालावयाच्या राखेचा ढीग चित्रात येत नव्हता. ते चित्र देखणे नाही. कडेला सायकलचे अर्धे चाक आले आहे. पण त्या चित्रासोबत त्याने नोंदलेल्या शब्दांपैकी एकही असा नाही की जो त्यात बोट ठेवून दाखविता येत नाही.